एक्सएमएल फीड दुरुस्त केलं तरी पुन्हा तुटतं: दोष नेमका कुठे शोधायचा

साइट व्यवस्थित उघडते. बातम्या दिसतात, दुकानातला माल दिसतो, फोनवर पानंही झटकन येतात. पण आरएसएस (साइटवरच्या नव्या बातम्यांची यादी) वाचणाऱ्या ॲपमध्ये कालपासून नवी बातमी नाही, गूगलचं मर्चंट सेंटर उत्पादनांची फाइल नाकारतं, गूगलचंच सर्च कन्सोल साइटमॅप (साइटवरच्या पत्त्यांची यादी) वाचता येत नाही म्हणतं. माणसाने नव्हे, प्रोग्रॅमने वाचायच्या या एक्सएमएल फाइली; त्यांनाच इथे फीड म्हटलंय. कुणीतरी फाइल उघडून चुकलेली ओळ सुधारतो. दोन दिवस सुरळीत जातात, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

हे परत परत होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दुरुस्ती तयार फाइलमध्ये केली जाते आणि ती फाइल तर प्रत्येक नव्या बातमीसरशी नव्याने बनते. रावेर-यावलकडच्या केळीबागेत ठिबकच्या फिल्टरची जाळी फाटली असेल, तर रोज एकेक ड्रिपर टाचणीने मोकळा करून काही उपयोग नाही. कचरा वरूनच येतोय. फीडचंही तसंच. मजकूर ज्या ठिकाणी एक्सएमएलमध्ये उतरतो, तिथे जाळी बसवावी लागते. बाकी सगळं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ब्राउझर सोसतो ते एक्सएमएल का सोसत नाही

एचटीएमएलचं पान चुकलं, टॅग बंद करायचा राहिला, तरी ब्राउझर अंदाजाने सावरून घेतो. एक्सएमएलचा नियम उलटा आहे. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, एक्सएमएल १.० जाहीर केलं तेव्हापासून त्यात स्पष्ट म्हटलंय की रचनेतली चूक ही घातक चूक. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तिथून पुढे नेहमीप्रमाणे वाचत राहायचं नाही. म्हणून फीडमधल्या चाळीस बातम्यांपैकी एकीच्या मथळ्यात एक चिन्ह चुकलं, तर चाळीसही बातम्या गेल्या असं समजा. आणि म्हणूनच ‘साइटवर तर सगळं नीट दिसतंय’ हा इथे पुरावा धरता येत नाही.

खालच्या उदाहरणांत टॅगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. एक्सएमएलला ती चालतात. मात्र आरएसएस, साइटमॅप किंवा उत्पादन फीडमध्ये घेणाऱ्याने ठरवलेली रोमन नावंच जशीच्या तशी ठेवायची, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

आधी तुटलेली फाइल जपून ठेवा

फीड पुढच्या तासाला बदलेल आणि दोष नजरेआड होईल. म्हणून काहीही सुधारण्याआधी फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून ‘पानाचा सोर्स’ पाहा आणि ती फाइल जशी आहे तशी डिस्कवर उतरवा. त्यातला मजकूर वर्डमध्ये नेऊन चिकटवू नका. वर्ड अवतरणचिन्हं बदलतं.

मग तपासणी. लिनक्स किंवा मॅकवर एक्सएमएललिंट हे साधन ‘नोआउट’ पर्यायासह चालवा; फाइल बरोबर असेल तर ते काहीच छापत नाही. विंडोजवर नोटपॅड++ मध्ये एक्सएमएल टूल्स हे प्लगिन टाकलं की तेच काम होतं. चूक असेल तर ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे प्रोग्रॅम जिथे अडला ती जागा. चूक झाली ती जागा बऱ्याचदा त्याच्या आधी असते. उदाहरणार्थ:

<बातमी>
<मथळा>सारंगखेड्यात घोडेबाजार सुरू<मथळा>
</बातमी>

इथे दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिरकी रेघ राहिली. पण तक्रार येते तिसऱ्या ओळीची: बंद होतोय ‘बातमी’, उघडा आहे ‘मथळा’. मोठ्या फाइलमध्ये हीच तक्रार शंभर ओळी खाली जाऊ शकते. तेव्हा सांगितलेल्या ओळीपासून वर वाचत जा.

पहिला संशयित: &

सर्वाधिक तुटफूट या एका चिन्हाने होते. एक्सएमएलमध्ये & म्हणजे ‘इथून एन्टिटी, म्हणजे एखाद्या चिन्हाऐवजी लिहिलेला संकेत, सुरू’ अशी खूण. ते नुसतं मजकुरात आलं की वाचणारा पुढच्या नावाची आणि अर्धविरामाची वाट बघतो. चिन्हानंतर मोकळी जागा असेल तर ‘एन्टिटीरेफ: नो नेम’, अक्षरं असतील तर ‘एन्टिटीरेफ: एक्स्पेक्टिंग ;’ अशी चूक येते.

जळगावच्या सराफ बाजारातल्या आणि दाणाबाजारातल्या पाट्या आठवा; ‘अमुक & सन्स’, ‘तमुक & कंपनी’. दुकानाचं नाव प्रत्येक उत्पादनात येतं, म्हणजे फीडमध्ये तीनशे उत्पादनं असतील तर तीनशे वेळा हा दोष. दुसरी वाट वेबपत्त्यांतून. जाहिरातीच्या मागोव्यासाठी पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून दोन-तीन घटक जोडले जातात आणि त्यांच्यामध्ये & असतं. माणसाच्या डोळ्याला तो पत्ता बरोबरच दिसतो, म्हणून इथे कुणी बघत नाही.

उपाय: मजकुरात & हवं तिथे &#38; लिहिलं गेलं पाहिजे. < साठी &#60; आणि > साठी &#62;. टॅगच्या आतल्या गुणधर्मांत दुहेरी अवतरणासाठी &#34; आणि एकेरीसाठी &#39;. या पाचही चिन्हांना रोमन नावंही आहेत आणि ती एक्सएमएलला जन्मतः माहीत असतात. पण फक्त ही पाचच. एचटीएमएलमधली बाकीची शेकडो नावं, त्यातही न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचं ‘एनबीएसपी’, एक्सएमएलला ठाऊक नाहीत. ‘एन्टिटी नॉट डिफाइन्ड’ दिसलं की हेच झालेलं असतं; तिथे &#160; चालतं. अंक मात्र इंग्रजीच (0 ते 9) हवेत. &#३८; असं लिहिलेलं ग्राह्य नाही.

हे हाताने करायचं नाही, फीड लिहिणाऱ्या कोडने करायचं. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीत ‘एचटीएमएलएन्टिटीज’ हे फंक्शन वापरलेलं आढळलं तर ते काढा. तेच ती अनोळखी नावं तयार करतं. त्याऐवजी ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ घ्या, एक्सएमएल १ चा पर्याय, अवतरणांसाठी ‘क्वोट्स’चा आणि सोबत ‘सब्स्टिट्यूट’चा पर्याय देऊन. हा शेवटचा पर्याय विसरला तर एखादा बाइट बिघडलेला मथळा तक्रार न करता कोरा होतो, आणि कोरा मथळा शोधणं तुटलेल्या फीडपेक्षा अवघड असतं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मजकुराचे तुकडे जोडून फीड बनवूच नये, भाषेतला एक्सएमएल लिहिणारा वर्ग वापरावा.

हे एकदाच करायचं, आणि शेवटच्या टप्प्यावर. डेटाबेसमध्ये भरताना एकदा आणि फीड लिहिताना पुन्हा केलं, तर फाइलमध्ये &#38;#38; उतरतं आणि वाचकाला मथळ्यात ‘&#38;’ असा कचरा दिसतो. फाइल नियमाने बरोबर असते, त्यामुळे कुठलंही तपासणी साधन हे पकडत नाही. तयार फाइलभर ‘शोधा आणि बदला’ चालवणाऱ्यांकडे हाच दोष सापडतो, कारण आधीच बरोबर असलेली चिन्हंही त्यात पुन्हा बदलली जातात.

आषाढीच्या बातमीने फीड का पडतं

हा दोष मराठी प्रकाशनांचा खास, म्हणून थोडं थांबून पाहू. अनेक डीटीपी संगणकांवर आजही मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकला जातो. असा मजकूर फॉन्टमुळे मराठी दिसतो, आत मात्र रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं असतात. कृतीदेव या अशाच एका फॉन्टमध्ये ‘ढ’ हे अक्षर < या चिन्हावर बसवलेलं आहे. ‘ष’ची सुरुवात " या चिन्हाने होते, ‘श’ची ' ने, आणि जोडरेघ तर & वर आहे.

आता मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखी निघाली आणि ‘आषाढी’ शब्द मथळ्यात आला. एका शब्दात एक " आणि एक <. मथळा गुणधर्मात जात असेल तर तो अवतरणाशीच फुटतो; मजकुरात जात असेल तर < पासून पुढचं सगळं टॅग समजलं जातं. ‘जळगाव-भुसावळ’ या साध्या जोडनावात & दडलेलं असतं. एरवी महिनाभर चाललेलं फीड विशिष्ट बातमीलाच का पडतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे मिळतं.

काही ठिकाणी यावर टॅग उपटणारं ‘स्ट्रिपटॅग्ज’ फंक्शन लावतात. त्याने फीड चालू होतं, पण ते < पासून पुढच्या > पर्यंतचं सगळं गिळतं, आणि > सापडलंच नाही तर मजकुराच्या शेवटपर्यंत. बातमी ‘आषा’वर संपते.

इथे चिन्हं बदलून भागत नाही. चिन्हं बदलली तर फाइल वैध होईल, वाचकाला मात्र अर्थहीन रोमन अक्षरंच दिसतील, कारण त्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही. मजकूर साइटवर चढवण्याआधीच युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, आणि मजकूर भरण्याच्या पानावर एक अट घालायची: मराठी विभागातल्या मथळ्यात २३०४ ते २४३१ या क्रमांकांमधलं, म्हणजे युनिकोडच्या देवनागरी पट्ट्यातलं, एकही अक्षर नसेल तर तो स्वीकारायचा नाही. ही अट दोन ओळींची आहे आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

< हे चिन्ह खऱ्या अर्थानेही येतं. ठिबकच्या साहित्यात ‘16 मिमी लॅटरल, दाब <4 किलो’ असं वर्णन असतं. तिथे ‘स्टार्टटॅग: इनव्हॅलिड एलिमेंट नेम’ अशी चूक दिसेल, कारण टॅगचं नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही.

न दिसणारी चिन्हं

‘इनव्हॅलिड कॅरेक्टर व्हॅल्यू ११’. ओळ उघडून पाहावी तर तिथे काहीच दिसत नाही. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये शिफ्ट-एंटरने तोडलेली ओळ चिकटवताना कधी कधी ११ क्रमांकाचं नियंत्रणचिन्ह बनून येते. एक्सएमएल १.० मध्ये ३२ खालच्या क्रमांकांपैकी फक्त ९, १० आणि १३ ला परवानगी आहे. बाकीची नुसती लिहिली तरी चालत नाहीत, &#11; अशी लिहिली तरी नाही, आणि सीडेटामध्ये, म्हणजे ‘आतलं जसंच्या तसं वाचा’ असं सांगणाऱ्या वेष्टनात, गुंडाळली तरीही नाही. सीडेटा म्हणजे सर्व रोगांवर औषध असा समज पसरलेला आहे. ते फक्त & आणि < पासून वाचवतं, आणि आतल्या मजकुरात ]]> आलं की तिथेच संपतं.

म्हणून फीड लिहिण्याआधी ० ते ८, ११, १२ आणि १४ ते ३१ ही चिन्हं काढून टाका. फक्त तेवढीच. ‘सगळी अदृश्य चिन्हं काढा’ असा तयार कोड मिळतो, तो मराठीवर चालवू नका. रफार नको, अर्धा ‘र’ हवा म्हणून ‘दुसर्‍या’, ‘तार्‍यांचा’ असं लिहिताना काही कळफलक ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक घालतात. तो गेला की ‘दुसर्या’, ‘तार्यांचा’ उरतं. वैध फाइल, अशुद्ध मराठी. कळफलकावर ‘ऱ’ स्वतंत्र असेल तर त्याने टंकलेल्या ‘दुसऱ्या’ला हा धोका नाही.

फाइलच्या पहिल्या ओळीआधी काहीतरी आहे

‘एक्सएमएल डिक्लरेशन अलाउड ओन्ली ॲट द स्टार्ट’. म्हणजे ‘ही एक्सएमएल फाइल आहे’ असं सांगणाऱ्या घोषणेच्या ओळीआधी निदान एक मोकळी जागा तरी शिरली आहे. वर्डप्रेसवर ही बहुधा थीम किंवा प्लगिनच्या पीएचपी फाइलमधून येते. फाइलच्या शेवटच्या ?> नंतरची एक नवी ओळ पीएचपी स्वतः खातं. दुसरी ओळ मात्र बाहेर पडते आणि फीडच्या डोक्यावर बसते. निव्वळ पीएचपीच्या फाइलमध्ये शेवटचं ?> लिहूच नका, प्रश्न मिटतो.

दुसरं कारण बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. फीडच्या अगदी आरंभी एक बीओएम एक्सएमएलला चालतो. पण दोन पीएचपी फाइली बीओएमसह जतन केलेल्या असतील तर दोन बीओएम बाहेर पडतात, आणि दुसऱ्यावर फीड तुटतं. नोटपॅड++ मध्ये एन्कोडिंगच्या यादीतून बीओएमशिवायचं यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा जतन करा. कुठली फाइल दोषी ते कळत नसेल तर प्लगिन एकेक करून बंद करा आणि दर वेळी कच्चं फीड पाहा. साइट कॅशमधून येत असेल तर आधी कॅश रिकामी करा, नाहीतर दोष गेला तरी जुनंच दिसेल आणि तुम्ही निरपराध प्लगिन उडवाल.

अर्धवट कापलेली अक्षरं

‘इनपुट इज नॉट प्रॉपर यूटीएफ-८’. सारांश १५० बाइटांवर कापणारा कोड शोधा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, मोकळी जागा एका बाइटाची. त्यामुळे काप कधी बरोबर दोन चिन्हांच्या मधे बसतो, कधी एका चिन्हाच्या पोटात. म्हणून हा दोष काही बातम्यांनाच होतो. पीएचपीत ‘सबस्टर’ऐवजी ‘एमबी-सबस्टर’ वापरा. ‘ग्राफीम-सबस्टर’ मिळालं तर अधिक चांगलं, कारण त्याने मात्राही अक्षरापासून सुटत नाही.

फाइल वैध, तरी माल नाकारला

बिबडी, केळी वेफर्स, काळा मसाला विकणाऱ्या दुकानांची यादी बहुधा एक्सेलमधून येते. एक्सेलमधून साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन केलं की मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात, आणि त्यातून मूळ मजकूर परत मिळत नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. मग पहिल्या रकान्याच्या नावाआधी बीओएम येतो, तो वाचताना कोडने काढायचा.

किंमत हा दुसरा अडथळा.

<किंमत>₹४५०/-</किंमत>

माणसाला हे स्वच्छ समजतं. मर्चंट सेंटरला इंग्रजी अंक, दशांश बिंदू आणि त्यापुढे जागा सोडून आयएनआर हे रोमन चलनचिन्ह हवं. आकडा 450.00 असा लिहायचा आणि त्यापुढे हे चलनचिन्ह. १,२५० मधला स्वल्पविरामही काढायचा. पानावर देवनागरी अंक जरूर ठेवा, फीडमध्ये नको. ‘नेमस्पेस प्रीफिक्स नॉट डिफाइन्ड’ अशी चूक आली तर ‘जी’ या उपसर्गाची घोषणा मूळ टॅगमध्ये राहून गेली आहे. फीडचा साचा नकलताना वरची ओळ सुटली की हे होतं.

तारखांचंही तेच. आरएसएसला वार आणि महिना रोमन लिपीत, तीन अक्षरी इंग्रजी नावांनी लागतात, शेवटी +0530. वर्डप्रेसचं स्वतःचं फीड हे सांभाळतं; हाताने लिहिलेल्या साच्यात पानासाठीचं तारीख-फंक्शन वापरलं तर ‘सोम, मार्च’ असं मराठीत उतरतं. फीड तुटत नाही, पण बातम्यांचा क्रम बिघडतो. साइटमॅपमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आकड्यांत लिहिली की पुरे.

साइटमॅपच्या एका फाइलला ५०,००० पत्ते आणि उघड्या स्वरूपात ५० एमबी अशी मर्यादा आहे. बातम्यांच्या साइटमॅपला १,००० पत्ते, तेही गेल्या दोन दिवसांतल्या बातम्यांचेच. मराठी पत्ते ठेवत असाल तर एक हिशेब लक्षात असू द्या. टक्केचिन्हांत बदलल्यावर प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची जागा आहे. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून २२ चिन्हं. लांब मथळ्याचा पत्ता मधेच तुटलेला दिसतो तो यामुळे. पत्ता थोडक्यात, स्वतः लिहा.

ई-पुस्तकवाल्यांसाठी थोडंसं: ईपब म्हणजे आतून एक्सएचटीएमएल, तेव्हा वरचं सगळं तिथेही लागू. शिवाय ‘माइमटाइप’ ही २० बाइटांची फाइल झिपमध्ये सर्वांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते. साध्या झिप साधनाने पुन्हा बांधलं की हे बिघडतं. भाषेची खूण मराठीसाठी ‘एमआर’, अहिराणीसाठी ‘एएचआर’. अहिराणी कवितांच्या पुस्तकावर सवयीने ‘एचआय’ ठेवू नका, ती हिंदीची खूण आहे. ईपबचेक हे ईपब तपासणारं साधन चालवल्याशिवाय फाइल कुठेही पाठवू नका.

पुन्हा तुटू नये म्हणून

फीड थेट जुन्या फाइलवर लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, एक्सएमएललिंटकडून तपासून घ्या, पास झालं तरच नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवा. नापास झालं तर जुनं फीड तसंच राहू द्या आणि चुकीची ओळ ज्याच्याकडे देखभाल आहे त्याला ईमेलने जाऊ द्या. वाचकाला तासाभराचं शिळं फीड चालतं, तुटलेलं चालत नाही.

कोड, थीम किंवा प्लगिन बदललं की चाचणीच्या साइटवर या मथळ्याची एक बातमी टाका:

"आषाढी" & 'खान्देश' <5 मिमी ]]> दुसर्‍या

मग आरएसएस वाचणाऱ्या ॲपमध्ये बघा. मथळा चिन्हागणिक हाच दिसला पाहिजे. ‘दुसर्या’ दिसलं तर अदृश्य चिन्हं काढणारा कोड जास्तीचं काढतोय; ‘&#38;’ दिसलं तर चिन्हं दोनदा बदलली जाताहेत; ‘खान्देश’ आणि शेवटचा शब्द यांच्या मधलं सगळं गायब असेल तर कुठेतरी स्ट्रिपटॅग्ज शिल्लक आहे; आणि काहीच दिसलं नाही तर कच्ची फाइल उतरवून वर सांगितल्याप्रमाणे पहिल्या ओळीपासून लागा.